आवर्तन सुटलंय

आमच्या गावात 'आवर्तन' या शब्दाला एकच अर्थ होता. येडगावच्या धरणातून कालव्याला पाणी सोडलं की आवर्तन सुटलं. ही बातमी आली की माणसं ताटावरून उठायची, इंजिनं आणि मोटारी ट्रॉलीत टाकून पाटाकडं पळायची. एका लग्नात तर अक्षता पडल्या आणि मुलीचे सख्खे मामा दिसेनात. पाटावर सापडले, नवं धोतर गुडघ्यापर्यंत खोचून. असा हा शब्द मी एकदा भलत्या कामाला वापरला आणि निम्मं गाव माझ्या अंगणात येऊन उभं राहिलं. दोन हजार सालाच्या आगंमागं घडलेलं आहे हे. पण त्याआधी माझ्या मुलीचं सांगायला हवं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. गावाच्या भाषेत बाई. बाई म्हणजे कुणाच्याही पोराचा कान धरायला मोकळी. आईबाप स्वतः पोरगं घेऊन यायचे. "बाई, हे घरात ऐकत न्हाई, जरा दमात घ्या." मी घ्यायचे. वर त्या आईबापांनाही दमात घ्यायचे. मुलाशी कसं बोलावं, किती झोपू द्यावं, यावर माझं भाषण तयार असायचं. आवाज असा की शिपायानं घंटा द्यायला उशीर केला तरी काही अडत नसे.

आणि माझीच मुलगी, नववीतली, एका सकाळी अंथरुणातून उठली नाही.

मुलगी म्हणजे माझ्याच वळणाची, भांडकुदळ. भाकरी जाड झाली यावरून भांडायची, वेणी घट्ट घातली यावरून भांडायची, मी मुलांना मराठी शिकवणारी बाई असून माझ्या निबंधात चुका काढायची. ती हळूहळू भांडेनाशी झाली. घरात शांतता. मला वाटलं, चला, मोठी झाली, शहाणी झाली. पंधरा दिवस मी या शांततेचं सुख भोगलं. एवढी मी हुशार.

मग लक्षात आलं की ती जेवतही नाहीये. भिंतीकडं तोंड करून पडायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही." डोळ्यांतून मात्र पाणी चालू. मी काय केलं? ओरडले. "उठ, आळशी कुठली. लोकांच्या पोरी शेतात खुरपतात आणि ही लोळतीय." एकदा हाताला धरून उभी केली, तर ती उभीच राहिली, जिथं सोडली तिथं. हे आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रक्त तपासलं. टॉनिक पाजलं. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेवटी माझं माहेर लोणी, त्याच्याही पलीकडं एका वस्तीवर एक देवऋषी बसतो असं कळलं. विज्ञानाच्या तासाला अंधश्रद्धेवर घसा फोडून बोलणारी मी, नवऱ्याला सांगितलं माहेरी चाललेय आणि तिथं गेले. दारात चपला काढते तर समोर आमचे केंद्रप्रमुख. चार शाळांवरचे साहेब. महिन्यापूर्वीच्या बैठकीत यांनीच बुवाबाजीवर आमचा तास घेतला होता.

"सर, तुम्ही इकडं?"

"पटनोंदणी," ते म्हणाले. "तुम्ही?"

"मीपण. पटनोंदणीच."

त्या वस्तीवर शाळा नव्हती. होती ती तीन घरं, आणि देवऋषी सोडला तर सगळी उसाच्या कामाला पारगावकडं गेलेली. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघणं टाळत एकेक मंतरलेलं लिंबू घेतलं. येताना एकाच एसटीत बसलो, पुढं ते, मागं मी, दोघांच्या पिशवीत लिंबू. त्या दिवसानंतर साहेबांनी माझी पाठांची टाचणवही कधी तपासली नाही. ते लिंबू उशाखाली ठेवायचं होतं. मी ओट्यावर विसरले आणि नवऱ्यानं पोह्यांवर पिळून खाल्लं. त्याला काही झालं नाही, मुलीलाही काही झालं नाही.

जुन्नरचे आमचे नेहमीचे डॉक्टर भले माणूस. तिसऱ्या खेपेला त्यांनी टॉनिकची चिठ्ठी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, पोरीच्या पोटात काही नाही. मनाच्या डॉक्टरला दाखवा. पुण्याला." मी भडकले. माझी मुलगी काय वेडी आहे? ते शांतपणे म्हणाले, "ताप आला की माणूस वेडा होतो का? हा मनाचा ताप समजा. पण उशीर करू नका."

पुण्याच्या डॉक्टर वयानं लहान होत्या. आमच्या मुलीशी तासभर एकट्या बोलल्या. मग आम्हाला आत बोलावलं. आम्ही खेड्यातले म्हणून त्यांनी इंग्रजी शब्द कटाक्षानं टाळले होते. म्हणाल्या, "हे नैराश्य आहे. औषधानं बरं वाटतं. मात्र काही जणांत या आजाराची आवर्तनं येतात."

माझा नवरा दोन महिने घरात शब्दही बोलला नव्हता. शेतातून यायचा, मुलीच्या उशाशी बसायचा, उठून जायचा. तो एकदम खुर्चीत सरळ झाला.

"आवर्तनं? वर्साला किती?"

"तसं सांगता येत नाही. एखादं, कधी दोन."

"रब्बीचं का उन्हाळी?"

डॉक्टरांनी मान डोलावून कागदावर काहीतरी लिहिलं. "चांगला प्रश्न आहे. ऋतूप्रमाणं येऊ शकतं. लक्ष ठेवा."

"आदी कळतं का पण? का एकदम सोडत्यात?"

"आधी खुणा दिसतात. झोप बिघडते, बोलणं कमी होतं."

"तुमचं बरंय," नवरा म्हणाला. "आमाला तेवढंबी कळत न्हाई."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. मुलगी खाली मान घालून बसली होती. तिचा खांदा किंचित हलला. हसली की काय, मला कळेना. विचारायची छाती झाली नाही.

निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. बरं वाटलं तरी गोळ्या आपल्या मनानं थांबवायच्या नाहीत. आणि आवर्तन येईल त्या दिवसांत मुलीला घरात एकटं ठेवायचं नाही. "एकटं नाही म्हणजे अजिबात नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं असं बघितलं की पुढचं मी विचारलं नाही. समजायचं ते समजले.

एसटीत नवरा म्हणाला, "ह्ये बरं झालं. आवर्तन म्हंजे येतं आन् जातं. कायमचं न्हाई." मग आम्ही ठरवलं, गावात कुणाला कळू द्यायचं नाही. उद्या पोरीचं लग्न करायचंय. घरात बोलायचं तर याच शब्दात बोलायचं. आवर्तन. कुणाच्या कानावर पडलं तरी कुणाला शंका येणार नाही. हे डोकं अर्थात माझं.

तीन महिन्यांत मुलगी उठली, शाळेत जायला लागली, भाकरी जाड झाली म्हणून चक्क ताट सरकवलं. मला आभाळ ठेंगणं झालं. आणि मी शहाणीनं गोळ्या थांबवल्या. कुणी पाहुणा आला आणि गोळ्यांचं पाकीट दिसलं तर काय सांगायचं, हे माझं त्यातलं मोठं कारण. नवऱ्याला सांगितलंसुद्धा नाही.

पुढं काय होणार ते कुणीही सांगेल. दीड महिन्यानं झोप बिघडली. बोलणं थांबलं. भिंतीकडं तोंड झालं. चौथ्या सकाळी मी शाळेला निघाले, पर्स खांद्याला लावली, आणि आतून तिचा आवाज आला. चार दिवसांतला पहिला.

"आई, मला एकटीला ठेवून जाऊ नको. मला माझीच भीती वाटती."

घरात तिसरं माणूस नव्हतं. सासूसासरे थोरल्या दिरांकडं पारगावला. नवरा या वेळी दूध घालायला डेअरीत असायचा. नुकताच दारात खांब रोवून आमच्याकडं फोन आला होता. मी डेअरीला फोन लावला. सेक्रेटरीनं उचलला. मी म्हणाले, "आमच्या ह्यांना सांगा, आवर्तन सुटलंय. असाल तसे लगेच या." आणि रडू फुटलं म्हणून फोन ठेवून दिला.

डेअरीत त्या वेळी बाराएक माणसं रांगेत. सेक्रेटरीनं खिडकीतून डोकं बाहेर काढून आरोळी ठोकली, "आवर्तन सुटलं रेऽऽ! बाईचा फोन व्हता!"

बाईचा म्हणजे शंकाच नाही. बाई खोटं बोलत नाही. रांग फुटली. कॅन जागेवर, माणसं गायब. कुणी इंजिन ट्रॉलीत टाकलं, कुणी पाइप खांद्यावर घेतले, एकानं तर निम्मा खणलेला कांदा तसाच सोडून गडी पाटावर नेले. पाटाचं दार उघडणारा सरकारी माणूस, आम्ही त्याला पाटकरी म्हणतो, मेहुण्याच्या लग्नाला गेला होता. त्याला निरोप गेला की तुझ्या माघारी पाणी सुटलंय. तो फेट्यासकट मोटरसायकलवर बसला. पाटावर सगळे पोचले तर पाट कोरडा ठणठणीत. तळाला दोन शेळ्या चरत होत्या.

नवऱ्याला तेवढा खरा अर्थ कळला होता. तो एकटाच पाटाकडं न पळता घराकडं पळाला. धापा टाकत येऊन मुलीजवळ बसला आणि मी त्याला गोळ्यांचं सांगून टाकलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, "आता चालू कर. डॉक्टरीणबायला फोन लाव." मी फोन लावला, बोलणी खाल्ली, गोळी सुरू केली. तेवढ्यात अंगणात कालवा झाला.

वीसेक माणसं. पुढं पाटकरी, फेटा एका कानावर आलेला.

"बाई, ग्येट कुनी फोडलं? माझी नोकरी जाईल राव!"

"बाई, पाणी कुठाय? आमी इंजान उतरून बसलोय तिकडं."

मी दाराची चौकट अडवून उभी राहिले. डोक्यात एकच, आत कुणी डोकावता कामा नये. आणि तोंडाला येईल ते बोलले. "अहो, फोनवर तुम्हाला नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, आवरून सुटलेय. शाळेला. आवरून सुटलेय!"

सेक्रेटरी पुढं आला. त्याचा धंद्यातला प्रश्न होता. "बाई, मी इतकी वर्सं फोन घेतोय. तुमी म्हनालात आवर्तन सुटलंय. वर रडलात. मी सगळ्यांस्नी सांगितलं, पाणी आलं म्हनून बाईला आनंदानं रडू आलं."

लोक हसले. माझा पारा चढला. "मी रडेन नाहीतर नाचेन, तुम्हाला काय करायचंय? चला, निघा इथून! कांदे खणा जाऊन!" वर्गात चालतं ते अंगणात चालत नाही. कुणी हललं नाही. उलट माझ्या आवाजानं आणखी चार जण कुंपणाशी आले. त्यात माझी चुलत जाऊ. आमचा बांधाला बांध. बांधावरच्या शेवग्यावरून सात वर्षं आमचं बोलणं बंद. तिला मला काही ऐकवायचं असलं की ती तिच्या कोंबडीला ऐकवायची. "खा गं बाई, लोकांच्या शेंगा खायची सवय न्हाई आपल्याला." मी माझ्या मांजराकरवी उत्तर द्यायचे. ती आज खोरं टेकून तमाशा बघायला उभी होती. म्हटलं, झालं. आता संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळणार.

माझ्या पाठीमागं हालचाल झाली. वळून बघते तर मुलगी. केस मोकळे, चार दिवसांचा पंजाबी ड्रेस, अनवाणी. मी तिला आत ढकलायला हात केला. तिनं तो बाजूला केला.

"पाटाला नाही आलं," ती म्हणाली. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आवर्तन मला आलंय. मला येतं ते. पुण्याच्या डॉक्टर म्हणाल्या. मनाचं असतं. तेव्हा मला एकटीला ठेवायचं नसतं, म्हणून आईनं फोन केला."

पाटकऱ्यानं, काय सुचलं कुणास ठाऊक, फेटा काढून हातात घेतला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात कुंपणाकडून आवाज आला. माझी जाऊ बोलली. कोंबडीशी नाही. माझ्याशी.

"मग दारं कोन धरतंय?"

शेतात पाणी आलं की एक माणूस खोरं घेऊन उभा राहतो. एक सरी भरली की तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढचीचं उघडायचं. त्याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. धरणाऱ्याला जागचं हलता येत नाही. हलला की पाणी बांध फोडून जातं.

"मीच," मी म्हणाले. "आणि हे."

"तुमाला शाळा, त्याला शेत. दोघांच्यानं दारं धरून हुतंय व्हय?" ती कुंपण ओलांडून सरळ आत आली, खोरं भिंतीला लावलं आणि माझ्या मुलीच्या हाताला धरून म्हणाली, "चल, आत बसू. लई गर्दी झालीय इथं." मग माझ्याकडं वळून, "जावा तुमी शाळंत. पोरं बोंबलत असतील."

मी गेले नाही, पण ती सहा तास बसली. फार काही बोलली नाही. लसूण सोलला, आमचाच. निघताना ओट्याजवळ मला म्हणाली, "माझ्या आईला यायचं असं. आमी तिला खोलीत कोंडून ठेवायचो. लोकांस्नी कळू नये म्हनून. एक दिवस दार उघडं राहिलं, ती गेली ती परत आली न्हाई. मी तवा हिच्याएवढी व्हते." एवढं बोलून तिनं पदरानं नाक पुसलं आणि जाता जाता बांधावरच्या शेवग्याच्या चार शेंगा तोडून माझ्या पायरीवर टाकल्या. सात वर्षांचं भांडण त्या चार शेंगांवर मिटलं. मी दाराआड जाऊन खूप रडले.

दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लागल्या. कुणी ठरवल्या मला माहीत नाही, बहुतेक डेअरीच्या रांगेतच ठरल्या असाव्यात. सकाळी जाऊ. दुपारी सेक्रेटरीची बायको. एक दिवस पाटकऱ्याची म्हातारी आई, ती दारातूनच विचारायची, "आज पाणी किती सुटलंय गं बाय?" आणि मुलगी अंथरुणातून बोटं दाखवायची. चार बोटं, तीन बोटं. सगळ्या काही शहाण्यासारख्या वागल्या असं नाही. एकीनं अंगारा आणला, जावेनं तो तिच्याच कपाळाला लावून तिला घरी पाठवलं. एक म्हणाली, लग्न केलं की होईल बरं. तिला मी बघून घेतलं. सेक्रेटरीच्या बायकोला टीव्हीवरच्या मालिका सांगायचा नाद. सासू कशी कपाट उघडते, मग वीज कशी चमकते, तीनदा, हे ती हातवारे करून सांगायची.

पाचव्या का सहाव्या आठवड्यात मी शाळेतून आले तर मुलगी उठून बसलेली. कपाळाला आठ्या.

"आई, त्या काकींना सांग, मी बरी आहे. मला माझं दुःख चालेल, पण त्यांची मालिका नको. आणि ती सून मूर्ख आहे, सरळ पोलिसात का जात नाही? आणि आजची भाकरी चामड्यासारखी झाली होती."

मी तशीच पर्स घेऊन खाली बसले. भांडली. माझी पोरगी भांडली. मी तिला मिठी मारायला गेले तर म्हणाली, "घामाचा वास येतोय तुला." त्या दिवशी मी सगळ्या आळीला साखर वाटली. कारण विचारलं तर सांगितलं, भाकरी चामड्यासारखी झाली.

सगळं तिथंच संपलं असं नाही. आवर्तनं पुढंही आली. दहावीचं एक वर्ष बुडालं. पण गोळ्या पुन्हा कधी थांबवल्या नाहीत, आणि लपवून ठेवायला आता घरात काही नव्हतंच. केंद्रप्रमुखांनी एकदा शाळेच्या व्हरांड्यात मला बाजूला घेऊन हळूच पुण्याच्या डॉक्टरांचा पत्ता मागितला. मी लिहून दिला. म्हणाले, "पटनोंदणीसाठीच हवाय." मी म्हटलं, "हो सर. मीपण पटनोंदणीलाच जाते."

मुलगी जुन्नरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. माझ्या जावेचा मालक हृदयविकारानं अचानक गेला. महिना झाला, दोन झाले, ती काही सावरेना. मी रोज डबा नेऊन ठेवायचे, तसाच परत आणायचे. अंगणात कोंबड्या तिच्या पायाशी यायच्या आणि ती त्यांच्याशीसुद्धा बोलेना. मी घरी येऊन हे सांगितलं. मुलगी अभ्यास करत होती. तिनं ऐकून घेतलं, वही बंद केली आणि चपला घालायला लागली.

"कुठं निघालीस? सोमवारी पेपर आहे तुझा."

"काकीकडं. दारं धरायला." तिनं वही काखेत मारली. "आणि माझी सकाळची गोळी घेतलीय. तू ओरडायच्या आधीच सांगते."

मी ओरडणार नव्हते. ती शेवग्याखालून बांध ओलांडून पलीकडं गेली. मी दारातून कशीबशी हाक मारली, "अगं, मी पण येऊ का?"

ती वळली. हात कमरेवर ठेवला, अगदी माझ्यासारखा.

"नको," म्हणाली. "तुझी पाळी उद्या."